पार्दो बाथान, एमील्या

(१६ सप्टेंबर १८५१–१२ मे १९२१). स्पॅनिश कादंबरीकर्त्री, कथालेखिका, समीक्षक आणि पाककलेवरील ग्रंथांची कर्त्री. जन्म वायव्य स्पेनमधील गॅलिशिया प्रदेशात, ला कोरून्या येथे एका सधन उमराव घराण्यात. मुलींना औपचारिक उच्च शिक्षण जवळजवळ अप्राप्य असल्याने तिने उदारमतवादी वडिलांच्या उत्तेजनाने घरच्या ग्रंथसंग्रहातूनच आपले शिक्षण केले. १८६८ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, होसे किरोगा याच्याशी तिचा विवाह झाला. तिला एक मुलगा आणि दोन मुली झाल्या.

पास्कुआल लोपेथ (१८७९) ही तिची पहिली कादंबरी. तिच्या नावाभोवती वादळ उठले ते मात्र ला क्वेस्तिओन पाल्पितान्ते (म. शी. ज्वलंत प्रश्न) ह्या लेखमालेमुळे. फ्रेंच निसर्गवादाची चिकित्सा करणारे हे लेख १८८२ पासून एका माद्रिद वृत्तपत्रात आले व १८८३ मध्ये ग्रंथरूप झाले. माणूस केवळ आनुवंशिकतेचा आणि परिस्थितीचा दास आहे, हे झोलाचे मत तिने श्रद्धाळू कॅथलिक या नात्याने नाकारले. परंतु त्याची निरीक्षणपद्धती स्वीकारली. एका कुलीन स्त्रीने झोलाची बाजू अंशतः का होईना घ्यावी, हे अनेकांना असह्य झाले. पतीने लेखन थांबविण्याचा आग्रह धरला. तिने तो मानला नाही आणि लवकरच दोघे विभक्त झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ला त्रिबुना या कादंबरीसाठी तिने ला कोरून्याच्या तंबाखूच्या कारखान्यात जाऊन कामगार स्त्रियांचे जीवन जवळून पाहिले होते. आंपारो या विडी-कामगार तरुणीची ही कथा १८७३ मध्ये स्पेनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा होते त्या क्षणापाशी संपते.

लोस पाथोस दे उल्योआ (१८८६, म. शी. उल्योआची गढी) ही तिची सर्वश्रेष्ठ कादंबरी होय. ऱ्हासाला लागलेल्या एका गॅलिशियन सरदाराच्या घरी नवा धर्मोपदेशक येतो. घराची खरी सत्ता दिवाणखान्यात नसून स्वयंपाकघरात आहे, हे त्याला पहिल्याच रात्री दिसते. सरदाराची रखेल तेथे स्वयंपाकीण आहे, तिचा बाप कारभारी आहे आणि तिच्या लहानग्या मुलाला बसलेली मोठी माणसे दारू पाजून झिंगवीत आहेत. याच कादंबरीत नाया गावच्या जत्रेच्या दिवशी धर्मगुरूंच्या पंगतीला परंपरेने वाढल्या जाणाऱ्या सव्वीस पदार्थांचे सविस्तर वर्णन येते. अन्नाकडे एका समाजाचा दस्तऐवज म्हणून पाहण्याची तिची दृष्टी अशी प्रथम कादंबरीत प्रकटली. तिचे पाकग्रंथ ही उतारवयातील हौस मानणे म्हणूनच चुकीचे ठरेल. ला माद्रे नातुरालेथा (१८८७) हा या कादंबरीचा उत्तरार्ध. यांखेरीज तिने सहाशेच्या आसपास कथा लिहिल्या.

वडिलांच्या मृत्यूनंतर (१८९०) हाती आलेल्या पैशातून तिने १८९१ ते १८९३ या काळात नुएव्हो तेआत्रो क्रितिको हे मासिक चालविले. त्यातील सर्व मजकूर ती एकटीच लिहीत असे. १८९२ मध्ये तिने बिब्लिओतेका दे ला मुखेर (म. शी. स्त्री-ग्रंथमाला) ही माला सुरू केली. जॉन स्ट्यूअर्ट मिलचा स्त्रियांच्या दास्यावरील ग्रंथ आणि आउगुस्ट बेबेलचा स्त्री व समाजवाद या विषयावरील ग्रंथ तिने या मालेतून स्पॅनिश वाचकांना उपलब्ध करून दिले. वाचक मात्र लाभले नाहीत.

या मालेची अखेर पाकशास्त्राने व्हावी, ही घटना वरवर पाहता विसंगत वाटते. ला कोथिना एस्पान्योला आन्तिग्वा (१९१३, म. शी. जुना स्पॅनिश स्वयंपाक) या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तिने याचा खुलासा केला आहे. परदेशांतील प्रगत स्त्रीवादी विचार देशात रुजविण्याचा आपला हेतू होता. पण येथे या प्रश्नांची कोणालाच फिकीर नाही आणि स्त्रियांना तर सर्वांत कमी. तेव्हा वातावरणच नसताना लढत बसण्यापेक्षा तित्तिर पक्ष्याचे मांस शिर्क्यात कसे मुरवावे हे सांगावे, अशा आशयाचे ते निवेदन आहे. त्यातील उपरोध झोंबणारा आहे. यास शरणागती म्हणावे, तर ग्रंथाचे स्वरूप त्याला दुजोरा देत नाही. एखादे नाणे, शस्त्र किंवा थडगे जितके ऐतिहासिक, तितकाच एखादा पदार्थही ऐतिहासिक असतो, अशी तिची भूमिका आहे. कुटुंबे, मठ आणि प्रांतोप्रांतीची मिठाईची दुकाने यांतून चालत आलेल्या कृती रोज नष्ट होत आहेत व अनेक कृतींच्या अखेरच्या जाणकार म्हाताऱ्या बायका त्या आपल्याबरोबरच घेऊन गेल्या, याकडे ती लक्ष वेधते. तिखट-मीठ स्पष्ट असलेल्या, सॉसच्या आवरणाखाली न दडलेल्या चवी हे ती स्पॅनिश स्वयंपाकाचे वैशिष्ट्य मानते. मात्र तिची वाचक कोण, हेही या प्रस्तावनेत उघड होते : कांदा-लसूण हाताळण्याचे काम घरधनिणीने स्वयंपाकिणीवर सोपवावे, असा सल्ला ती देते. विडी-कामगार स्त्रीला कादंबरीची नायिका करणाऱ्या लेखिकेची ही वर्गमर्यादा होय. परदेशी पदार्थांना स्पॅनिश वळण देणाऱ्या पाककृतींचा, आधुनिक स्वयंपाकावरील दुसरा खंड तिने नंतर सिद्ध केला. त्याआधी ‘पिकादिल्यो’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या मान्वेल पुगा ई पार्गा या गॅलिशियन लेखकाच्या पाकग्रंथाला (१९०५) तिने प्रस्तावना लिहिली होती.

सार्वजनिक मानसन्मान तिला मिळाले ते झगडूनच. माद्रिदच्या आतेनेओ या प्रख्यात संस्थेच्या साहित्य विभागाची ती पहिली स्त्री अध्यक्ष झाली (१९०६). स्पॅनिश अकादमीची दारे मात्र १८८९, १८९२ आणि १९१२ अशी तीनदा बंदच राहिली. कादंबरीकार ह्वान व्हालेरा याने तर १८९१ मध्ये टोपणनावाने पुस्तिका लिहून स्त्रियांच्या प्रवेशाची टिंगल केली होती. अकादमीने कार्मेन कोंदे हिच्या रूपाने पहिली स्त्री सदस्य निवडली ती १९७८ मध्ये. १९१६ मध्ये प्राध्यापकांचा विरोध बाजूस सारून शिक्षणमंत्र्यांनी पार्दो बाथानला माद्रिद विद्यापीठात लॅटिनोद्भव भाषांतील समकालीन साहित्याचे अध्यासन दिले. स्पेनमध्ये असे पद मिळविणारी ती पहिली स्त्री. पण व्याख्यानांना येणारे विद्यार्थी अगदी मोजके असत.

माद्रिद येथे ती निधन पावली.