नव्या नोकरीचा पगार : कागदावरचा आणि हाती येणारा

नव्या नोकरीच्या ऑफर लेटरमध्ये नमूद केलेला वार्षिक आकडा बहुधा 'कॉस्ट टू कंपनी', अर्थात सीटीसी असतो. कर्मचाऱ्यावर कंपनी करणार असलेला एकूण खर्च, असा त्याचा अर्थ आहे. या आकड्याला बाराने भागून मासिक पगार काढल्यास अंदाज चुकतो आणि त्यावर बेतलेले घरभाडे अथवा कर्जाचा हप्ता डोईजड होतो.

हिशेब कसा करावा?

समजा, सीटीसी ६ लाख रुपये आणि मूळ वेतन दरमहा २५,००० रुपये आहे. पूर्ण मूळ वेतनावर १२ टक्के दराने भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा वाटा वर्षाला ३६,००० रुपये होतो. ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे १४,४०० रुपये असते. कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम १० टक्के, म्हणजे ६०,००० रुपये धरली, तर दरमहा ४०,८०० रुपये उरतात. त्यातून निधीतील कर्मचाऱ्याचा ३,००० रुपयांचा वाटा आणि महाराष्ट्रात २०० रुपये व्यवसाय कर वजा जाता हाती ३७,६०० रुपये येतात, ५०,००० नव्हे. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र वेतन उत्पन्नावर कर द्यावा लागत नसल्याने या उदाहरणात प्राप्तिकराची कपात नाही. मात्र या प्रणालीत घरभाडे भत्त्यावरील सवलत मिळत नाही.

ग्रॅच्युइटीसाठी साधारणतः सलग ५ वर्षांची सेवा आवश्यक असते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या कामगार संहितांनुसार मुदतबंद नियुक्तीवरील कर्मचाऱ्यांसाठी ही अट १ वर्षाची आहे. त्याआधी नोकरी सोडण्याची शक्यता असल्यास ही रक्कम हिशेबात न धरणे इष्ट.

वाटाघाटी कोणत्या मुद्द्यांवर?

वाटाघाटीची योग्य वेळ प्रस्ताव हाती आल्यानंतरची, परंतु स्वीकृती कळवण्यापूर्वीची असते. प्रथम वेतनाचा घटकनिहाय तपशील लेखी मागवावा. सीटीसी वाढवण्यास कंपनी राजी नसेल, तर बदलत्या रकमेचा काही भाग निश्चित वेतनात वर्ग करण्याची मागणी करता येते. वरील उदाहरणात ३०,००० रुपये असे वर्ग केल्यास, मूळ वेतन तेच राहिले तर, दरमहा २,५०० रुपये अधिक हाती पडतात. मागणीला घरखर्चाचे कारण देण्याऐवजी अनुभव, कौशल्य आणि त्याच पदासाठी अन्यत्र मिळणारे वेतन यांचा आधार द्यावा.

रुजू होताना मिळणारा बोनस लवकर नोकरी सोडल्यास परत करावा लागतो का, नोटीस कालावधी किती आणि आरोग्य विम्यात आई-वडिलांचा समावेश आहे का, हेही विचारून घ्यावे. मान्य झालेली प्रत्येक बाब सुधारित पत्रात नमूद झाल्याची खातरजमा करावी. तोंडी आश्वासन नंतर सिद्ध करणे कठीण जाते. त्यामुळे असे पत्र हाती येईपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा न देणेच हितावह ठरते.