एका यानाची बारा यानं

ऑक्टोबर १९६७मध्ये 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेच्या एका भागात एक मोडकळलेलं अंतराळयान दिसलं. नाव 'कॉन्स्टेलेशन'. घडण हुबेहूब 'एंटरप्राइज'ची, फक्त इंजिनं जळालेली आणि पुढची थाळी कुणी कुरतडल्यासारखी. त्यावरचा नंबर होता १०१७. 'एंटरप्राइज'चा नंबर १७०१. आकडे तेच, जागा बदललेल्या.

कारण पैशाचं होतं. दुसरं मोठं मॉडेल बांधणं परवडणारं नव्हतं. मग एएमटी कंपनीचा, दुकानात मुलांसाठी मिळणारा प्लास्टिकचा मॉडेल-संच आणला. तो जोडला, जाळला, खरवडला. संचात १७०१चे स्टिकर आलेले होते, त्यातलेच आकडे उलटसुलट चिकटवले. पडद्यावर एका यानाचं घराणं तयार होऊ लागलं ते असं.

जहाजांच्या जगात 'श्रेणी' या शब्दाला नेमका अर्थ आहे. एकाच आराखड्यावर अनेक जहाजं बांधतात आणि पहिल्या जहाजाचं नाव साऱ्या भावंडांना मिळतं. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये 'विशाखापट्टणम' बांधली गेली, मागोमाग 'मोरमुगाव', 'इंफाळ' आणि 'सुरत'. चौघी मिळून विशाखापट्टणम श्रेणी. म्हणजे आधी आराखडा, मग जहाजं, आणि त्याही आधी एक प्रश्न: हे जहाज कशासाठी हवंय?

'स्टार ट्रेक'मध्ये सगळा क्रम उलटा होता. आधी एक यान आलं. मग कथेला गरज पडली म्हणून भावंडं आली. श्रेणीचं नाव त्यानंतर रुळलं. आणि 'कशासाठी' या प्रश्नावरचं भांडण तर अजून मिटलेलं नाही.

इंजिन माणसांपासून लांब

१९६४. मालिकेचा निर्माता जीन रॉडनबरी आणि कलादिग्दर्शक मॅट जेफरीज. दोघांनीही दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानं जवळून अनुभवली होती. रॉडनबरीने जेफरीजला काय हवंय यापेक्षा काय नकोय तेच जास्त सांगितलं: पंख नकोत, रॉकेट नको, मागून निघणारा जाळ नको. तरीही यान ताकदवान दिसलं पाहिजे.

जेफरीजने त्या काळातल्या विज्ञानकथांमधली यानांची चित्रं जमवून भिंतीवर लावली. हेतू एकच, यातलं काही करायचं नाही. मग त्याने इंजिनियरसारखा विचार सुरू केला. प्रकाशापेक्षा वेगाने नेणारं इंजिन असेल, तर त्याची ताकद अफाट असणार. अशा यंत्राशेजारी माणसं झोपवायची नाहीत. म्हणून दोन इंजिनं लांब खांबांवर बाहेर काढली आणि माणसं पुढे ठेवली. पुढचा भाग आधी गोळा होता, तो चपटा होत होत थाळी झाला.

बाहेरचं कवच त्याने मुद्दाम गुळगुळीत ठेवलं. दुरुस्तीसाठी माणसाला उघड्या अवकाशात पाठवणं जिवावरचं काम, तेव्हा जे काही बिघडेल ते आतूनच दुरुस्त करता आलं पाहिजे. मालिकेत तंत्रज्ञ ज्या अरुंद नळीत शिरून दुरुस्ती करतात, तिला पुढे 'जेफरीज ट्यूब' हेच नाव पडलं.

आकाराला आणखी एक मोकळीक मिळाली. दर आठवड्याला नव्या ग्रहावर यान उतरवण्याची दृश्यं खर्चात बसत नव्हती. म्हणून माणसांना क्षणात खाली पोहोचवणारा 'ट्रान्सपोर्टर' कथेत आला. जे यान जमिनीवर उतरतच नाही, त्याला हवा कापणारी चोच लागत नाही आणि चाकंही लागत नाहीत.

नंबरही विमानातूनच आला. भारतीय विमानांवर 'व्हीटी' लिहिलेलं असतं, तसं त्या वेळच्या अमेरिकी विमानांवर 'एन' असे, आणि त्याआधीच्या काळात 'एनसी'. जेफरीज स्वतः जुनं विमान बाळगणारा वैमानिक. त्याने 'एनसी'ला आणखी एक 'सी' जोडला. सोव्हिएत विमानांवर 'सीसीसीपी' असायचं, त्याची ती आठवण. आकडे निवडताना ३, ६, ८, ९ टाळले, कारण लांबून ते एकमेकांसारखे दिसतात. १७०१चा अर्थ त्याने लावला तो असा: सतराव्या आराखड्याचं पहिलं यान.

आता 'कॉन्स्टेलेशन'कडे पुन्हा बघा. या हिशोबाने १०१७ म्हणजे दहाव्या आराखड्याचं सतरावं यान. मग ते 'एंटरप्राइज'चं जुळं भावंड कसं? स्टिकरने जेफरीजचं गणित एका फटक्यात मोडलं. चाहते तेव्हापासून ते जोडायच्या खटपटीत आहेत: जुनं यान नव्या आराखड्यानुसार बदलून घेतलं असेल, नंबर क्रमाने देतच नसतील, वगैरे.

नावं कुणाची?

जानेवारी १९६७मध्ये प्रसारित झालेल्या भागात कॅप्टन कर्क सांगतो की ताफ्यात अशी फक्त बारा यानं आहेत. एका वाक्यात ताफा उभा राहिला. मग त्यांना नावं हवी झाली. 'लेक्सिंग्टन', 'यॉर्कटाउन', 'हूड', 'इन्ट्रेपिड', 'फॅरागट'. 'एंटरप्राइज'चंही नाव सुरुवातीच्या कागदांत 'यॉर्कटाउन' होतं. बहुतेक नावं अमेरिकी आणि ब्रिटिश युद्धनौकांच्या परंपरेतली.

पण यादीत दोन नावं वेगळी आहेत. मार्च १९६८च्या एका भागात 'पोटेमकिन' हे यान येतं. १९०५मध्ये ज्या रशियन युद्धनौकेवर खलाशांनी बंड केलं, तिचं हे नाव. शीतयुद्ध ऐन भरात असताना ते अमेरिकी टीव्हीवर मित्रांच्या ताफ्यात होतं. मालिकेसाठी केलेल्या नावांमध्ये 'कोंगो'ही होतं. ही जपानी युद्धनौका अमेरिकी पाणबुडीने १९४४मध्ये बुडवलेली. चोवीस वर्षांत शत्रूचं जहाज आपल्या कल्पनेतल्या ताफ्यात सामील करून घेणं ही छोटी गोष्ट नव्हे.

तरीही एक गोष्ट खटकते. यान निघालंय नवी जगं शोधायला, आणि नावं जवळपास सगळी तोफा डागणाऱ्या जहाजांची. पुढच्या पिढीच्या मालिकेत १९९३मध्ये 'गांधी' नावाच्या यानाचा उल्लेख येतो. ते नाव चालवणारं यानही शस्त्रं बाळगणाऱ्या ताफ्यातलंच.

वंशावळ लिहिणारा माणूस

श्रेणीचं नाव काय होतं? यानाच्या नियंत्रणकक्षातल्या पाटीवर 'स्टारशिप क्लास' लिहिलेलं होतं. १९६७मध्येच एका तांत्रिक आकृतीवर 'कॉन्स्टिट्यूशन क्लास' असे शब्द आले, पण त्या काळच्या टीव्हीवर ते वाचणं अशक्यच. ते नाव लोकांपर्यंत पोहोचवलं फ्रान्झ जोसेफ यांनी. विमान-उद्योगात आराखडे काढण्यात आयुष्य घालवलेल्या या गृहस्थांनी १९७५मध्ये यानाचे मजल्यावार नकाशे आणि ताफ्याची तांत्रिक पुस्तिका प्रसिद्ध केली. तोवर मालिका बंद पडून सहा वर्षं झाली होती.

त्यांनी १७०० हा नंबर 'कॉन्स्टिट्यूशन'ला दिला आणि ते श्रेणीतलं पहिलं यान ठरवलं. जेफरीजच्या हिशोबाने तो मान 'एंटरप्राइज'चा होता. जोसेफ तिथेच थांबले नाहीत. तीच थाळी, तीच इंजिनं घेऊन त्यांनी नवे मेळ बसवले. एका इंजिनाची विनाशिका झाली, तीन इंजिनांची महाकाय 'ड्रेडनॉट' झाली, माल ओढणारी टग झाली. 'एंटरप्राइज'च्या वर्गावर शिक्का बसला 'हेवी क्रूझर'.

आराखडा म्हणून हे झकास होतं. पण ड्रेडनॉटच्या शेजारी उभं केल्यावर 'एंटरप्राइज' काय दिसतं? युद्धताफ्यातलं मधल्या वजनाचं जहाज. एरवी प्रयोगशाळा, दवाखाना आणि चारशे तीस माणसांचं घर असलेलं यान तोफांच्या उतरंडीत जाऊन बसलं. एकट्या यानाबद्दल हा प्रश्न धूसर ठेवता येत होता. श्रेण्यांचा तक्ता बनला की प्रत्येक यानाच्या नावापुढे त्याचं काम लिहावंच लागतं. नंतरच्या मालिकांनी ही पुस्तिका बाजूला सारली. उलट १९७९मध्ये आलेल्या 'स्टार फ्लीट बॅटल्स' या युद्धखेळाने तिच्याच पायावर आपलं जग उभारलं. एकाच आराखड्याची दोन वेगळी भविष्यं झाली.

दरम्यान खऱ्या जगात एक गंमत घडली. नासाच्या पहिल्या स्पेस शटलचं नाव ठरलं होतं 'कॉन्स्टिट्यूशन', कारण ते १७ सप्टेंबर १९७६ला, अमेरिकेच्या संविधानदिनी, लोकांसमोर यायचं होतं. चाहत्यांनी व्हाइट हाउसला पत्रांचा पाऊस पाडला. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या काळात नाव बदललं: 'एंटरप्राइज'. अनावरणाला मालिकेतले कलाकार हजर होते. जोसेफनी पुस्तिकेत 'कॉन्स्टिट्यूशन'ला दिलेलं पहिलेपण इथे 'एंटरप्राइज'ला परत मिळालं.

ते शटल मात्र कधीच अवकाशात गेलं नाही. १९७७मध्ये विमानाच्या पाठीवरून सोडून त्याची तरंगत उतरण्याची चाचणी झाली, तेवढंच. आज ते न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या विमानवाहू युद्धनौकेवरच्या संग्रहालयात आहे. त्या युद्धनौकेचं नाव 'इन्ट्रेपिड'. बारा जणांच्या ताफ्यातल्या एका यानाचंही तेच नाव होतं.