मुक्कामाची सुटी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. पुढे रूळ घाट ओलांडून उत्तरेकडे गेले आणि महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना उन्हाळ्याच्या सुटीत आजोळी जाण्याची वाट मोकळी झाली. १९१२ मध्ये सुरू झालेल्या पंजाब मेलने भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर, दिल्ली ही मराठी वस्तीची शहरे मुंबईशी एका धाग्यात ओवली.

होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा असा सरंजाम घेऊन मंडळी निघत. इंजिनाच्या धुराने कपडे काळवंडत, कोळशाचे कण डोळ्यांत जात. कोकणात जाणाऱ्यांची खरी कसोटी मुंबईनंतर लागे. आधी आगबोट, मग किनाऱ्यापर्यंत पडाव आणि पुढे बैलगाडी. पावसाळ्यात बोटी बंद होत, म्हणून परतीचा दिवसही आधीच ठरवावा लागे.

एवढे कष्ट सोसून गेलेले कुटुंब दोन दिवसांत परतत नसे. प्रवास खडतर होता, म्हणूनच मुक्काम दीर्घ असे. तेथे मुलांना ‘पाहण्यासारखे’ फारसे काही नसे. आमरसाच्या जेवणानंतरची झोप, ओटीवर पत्त्यांचा डाव, रात्री अंगणात आजीच्या गोष्टी, एवढाच दिनक्रम. एरवी घराबाहेर हिंदी, गुजराती वा तेलुगू ऐकणाऱ्या मुलांच्या कानांवर तेथे ओव्या, म्हणी आणि मामा-मावश्यांची थट्टामस्करी पडे. शाळेत शिकलेली मराठी आजोळी मुरत असे.

१९५६ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेली रजा-प्रवास सवलत आरंभी स्वगावी जाण्यापुरतीच होती. कालांतराने चार वर्षांतून एकदा भारतात कोठेही जाण्याची मुभा मिळाली. या सवलतीमुळे अनेक मुलांना कन्याकुमारी आणि हिमालय पाहता आला, हा लाभ मोठाच. १९७२ मध्ये मुंबई-दिल्ली राजधानी एक्स्प्रेस धावू लागली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली.

अंतर आटले, तसा मुक्कामही आटला. आठ दिवसांत सहा शहरे पाहून शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री घरी पोहोचलेले मूल पहिल्याच तासाला बाकावर पेंगते. दोष प्रवासाचा नाही. प्रवासाने दृष्टी विस्तारते. मात्र पूर्वी विसावा न मागता पदरात पडे, आज तो ठरवून राखावा लागतो. काही दिवस प्रवासाला, काही आजोळच्या मुक्कामाला आणि अखेरचा आठवडा घरी, कोणत्याही बेताविना, एवढी वाटणी प्रत्येक घराला साधता येईल. त्यातही आजोळी आजी वाट पाहत असेल, तर तो मुक्काम पुढील वर्षावर ढकलू नये. तिच्या तोंडची मराठी कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही.