क्वाडास-२

निदान चाचण्यांच्या अचूकतेवरील अभ्यासांची गुणवत्ता पारखण्याचे साधन. पद्धतशीर आढावा घेताना प्रत्येक अभ्यास कितपत विश्वासार्ह आहे, हे त्यावरून ठरवतात. मूळ क्वाडास २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १४ प्रश्न होते. पेनी व्हायटिंग व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती मांडली.

क्वाडास-२ मध्ये चार विभाग आहेत : रुग्णांची निवड, तपासली जाणारी चाचणी, संदर्भ चाचणी आणि रुग्णांचा ओघ व वेळ. चारही विभागांत पक्षपाताचा धोका कमी, जास्त की अस्पष्ट, हे नोंदवतात. पहिल्या तीन विभागांत अभ्यास आढाव्याच्या प्रश्नाला कितपत लागू पडतो, हेही पाहतात.

उदाहरणार्थ, क्षयरोगाच्या नव्या चाचणीसाठी एकीकडे बळावलेल्या क्षयाचे रुग्ण आणि दुसरीकडे ठणठणीत माणसे घेतली, तर चाचणी प्रत्यक्षाहून सरस भासते. दवाखान्यात मात्र खोकला-तापाचे संशयित रुग्णच येतात. नवी चाचणी होकारार्थी आलेल्यांच्याच थुंकीचे कल्चर, म्हणजे संदर्भ चाचणी, केले, तर निसटलेले रुग्ण उजेडात येत नाहीत आणि संवेदनशीलता, म्हणजे खरे रुग्ण ओळखण्याची क्षमता, फुगते. तपासली जाणारी चाचणी क्ष-किरण चित्र असेल आणि कल्चरचा निकाल आधीच ठाऊक असेल, तर चित्राच्या वाचनावरही त्याची छाया पडते.

गुणांची बेरीज करून अभ्यासाला एकच अंक देणे या पद्धतीत वर्ज्य आहे. कारण एक गंभीर दोष इतर गुणांनी भरून निघत नाही. मूल्यमापन शक्यतो दोघांनी स्वतंत्रपणे करावे. सदोष अभ्यासावर विसंबल्यास खरा रुग्ण उपचाराविना राहू शकतो, म्हणून ही पारख अत्यावश्यक ठरते.