शाळेबाहेरची शाळा आणि तिचा शिक्षक



दिवाळीच्या आगेमागे आमच्या वाटूर फाट्यावर थोडा वेळ उभे राहिले, तर आजच्या विषयाची प्रस्तावना करण्याचे कारण उरत नाही. ट्रक आणि ट्रॅक्टर माणसांनी भरून निघालेले असतात. खाली भांडीकुंडी, पत्र्याची पेटी, सरपण, एखादी शेळी. वर बायामाणसे, आणि त्यांच्या मधोमध पोरे. मुकादमाकडून घेतलेली उचल पावसाळ्यातच संपलेली असते. आता ती कोयत्याने फेडायची. ही मंडळी परततात ती पाडव्याच्या सुमारास. तोवर शाळेच्या हजेरीपटावर त्या पोरांच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा पडत राहतात.

मूल शाळेत नाही म्हणजे मूल गैरहजर, असे हजेरीपट म्हणतो. पण मुलाच्या बाजूने पाहिले तर मूल कामावर हजर असते आणि शाळाच तेथे नसते. चार भिंतींबाहेर गणित, भूगोल, निसर्गविज्ञान शिकवील असा शिक्षक घडविण्याचा विचार आपल्या महाराष्ट्रात कोणी केला होता काय? केला होता, आणि तो नवा नाही. त्याचाच इतिहास आज आम्ही थोडक्यात मांडणार आहोत.

प्रारंभ महात्मा फुल्यांपासून करणे प्राप्त आहे. 1882 साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन ठेवले, त्यातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वांना ठाऊक असते. शिक्षक कसा असावा हेही त्यांनी तेथेच सांगितले, ते मात्र कमी लोकांच्या वाचनात येते. वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची ज्याला लाज वाटणार नाही, जो खालच्या थरांतील लोकांत सहज मिसळेल, असा शिक्षक त्यांना हवा होता, आणि तो शक्यतो शेतकऱ्यांच्याच वर्गातून यावा असे त्यांचे म्हणणे होते. त्याच निवेदनात पगाराचीही गोष्ट आहे. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या शिक्षकास दरमहा 12 रुपयांहून कमी देऊ नये, मोठ्या गावांत 15 किंवा 20 द्यावेत, असे त्यांनी सुचविले. आमच्यासारख्या युनियनच्या माणसास हा भाग विशेष महत्त्वाचा वाटतो. कामाची अपेक्षा आणि त्याचा मोबदला या दोन गोष्टी फुल्यांनी एकाच कागदावर लिहिल्या. पुढे अपेक्षा वाढविणारे पुष्कळ निघाले. दुसरी बाजू लिहिणारे थोडे.

त्यानंतर पंचावन्न वर्षांनी, 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी, वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्या ठरावांवरून डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. एखादा उद्योग मध्यवर्ती धरून त्याच्याभोवती सर्व विषय गुंफावेत, ही समवाय पद्धती. टकळीवर सूत काढताना तार मोजण्यात गणित यावे, कापूस कोठे पिकतो यात भूगोल यावा आणि कापडाचा धंदा कसा बुडाला यात इतिहास यावा. समितीने हेही ओळखले की सारी भिस्त शिक्षकावर आहे. म्हणून तिने शिक्षकांसाठी तीन वर्षांचा पूर्ण आणि एक वर्षाचा तातडीचा असे दोन अभ्यासक्रम सुचविले. सेवाग्रामला आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने हे काम निष्ठेने चालविले.

मग मूलोद्योग शिक्षण गावोगावी का रुजले नाही? कारणे अनेक आहेत. पालकांना ते गरिबांचे दुय्यम शिक्षण वाटले. शहरातल्या शाळांनी ते घेतले नाही, त्यामुळे तो संशय खराच ठरला. पण आमच्या मते मोठे कारण शिक्षकाच्या तयारीत आहे. टकळी फिरविणे काही आठवड्यांत शिकविता येते. टकळीतून त्रैराशिक कसे काढावे हे शिकविण्यास काळ लागतो. विषयावर पक्की पकड आणि मोकळी बुद्धी लागते. घाईने शाळांवरील पाट्या बदलल्या गेल्या, तेथे टकळी उरली आणि समवाय निसटला. सूत निघाले, पण सुतातला धडा निघाला नाही.

आता 1945 सालाकडे येऊ. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकास, आज जो पालघर जिल्हा आहे त्या भागात, त्या एका वर्षात दोन घटना घडल्या. मे महिन्यात झरी या गावी वारली शेतकरी हजारोंनी जमले आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या बळावर त्यांनी वेठबिगार नाकारली. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथून जवळच असलेल्या बोर्डीस ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. दोन्ही कामांचे मार्ग वेगळे, माणसे वेगळी. पण एकाने वारल्याची पाठ सरळ केली आणि दुसऱ्याने त्याच्या पोराच्या हाती पाटी दिली. आमच्या लेखी ही एकाच कामाची दोन टोके आहेत.

ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या, माँटेसोरी पद्धतीत मुरलेल्या. त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले, तरी शिकून शिक्षिका झालेल्या. बोर्डीस त्यांना पहिला धडा असा मिळाला की, शाळा काढली म्हणून मुले येत नाहीत. तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. त्या प्रयोगातून ‘अंगणवाडी’ हा शब्द घडला, आणि 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तो देशभर गेला. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

थोडी मोठी मुले तरीही येईनात, कारण ती गुरे राखीत होती. गुरे सोडून पोर शाळेत बसले तर घरचे कोण पोसणार? म्हणून शाळाच कुरणात गेली. हीच ती कुरणशाळा. गुरे चरत आहेत, पोरांचा एक डोळा गुरांवर आहे, आणि शिक्षक झाडाखाली त्यांच्यासह बसला आहे. खडे, बिया, पाने हेच साहित्य. महागडी साधने बाजूस ठेवून आसपास मिळेल त्यातून साधन करणे, हा ताराबाईंच्या पद्धतीचा कणाच होता.

अशा शिक्षकास काय काय यावे लागते याचा हिशेब करून पाहा. त्याला मुलांची बोली समजली पाहिजे. झाड कोणते, पाखरू कोणते हे पोरास ठाऊक असते, म्हणून न लाजता पोराला विचारता आले पाहिजे. गाय उधळली तर धडा मध्येच सोडून नंतर त्याच जागी धरता आला पाहिजे. हे सारे साधताना आज कोणता विषय किती पुढे न्यायचा आहे, याचे भान सुटता कामा नये. ते सुटले की शाळेची सहल होते. असे कसब व्याख्याने ऐकून येत नाही. सुताराचा पोर सुताराजवळ राहून शिकतो, तसा हा शिक्षक कामाच्या जागीच घडतो. बोर्डी-कोसबाडला शिक्षिकांची तयारी पाड्यांच्या सान्निध्यात झाली, म्हणून तो प्रयोग टिकला असे आम्हांस वाटते.

आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे 17 सप्टेंबर 1948 पर्यंत प्रश्न मुळातच वेगळा: मातृभाषेची शाळा मिळविणे हीच लढाई होती. ती लढणाऱ्यांत स्वामी रामानंद तीर्थ होते. ते आधी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली वावरले आणि मग हिप्परग्यास व अंबाजोगाईस शिक्षक झाले. कामगारांत वावरलेला माणूस शिक्षक झाला की शाळेच्या भिंती थोड्या मागे सरकतात, याचा हा आमच्या घरचा दाखला.

सांप्रतची स्थिती काय आहे? साखर कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या, काही ठिकाणी चांगल्या चालल्या, काही हंगामाबरोबर विरल्या. 2009 चा शिक्षणहक्क कायदा झाला. त्याचे सत्ताविसावे कलम शिक्षकास अशैक्षणिक कामांतून मोकळे करते, मात्र जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका ही कामे वगळून. म्हणजे शिक्षकाला वर्गाबाहेर काढण्याची सोय कायद्यात आहे. बाहेर जाऊन त्याने शिकवावे कसे, याची सोय त्याच्या प्रशिक्षणात फारशी दिसत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ मुलांनी बसावे अशी कल्पना आहे. कल्पना उत्तम, पण त्या दहा दिवसांसाठी शिक्षकाचे किती दिवस घालवणार, हा प्रश्न वर्ध्याच्या टकळीपासून तसाच उभा आहे.

ऊसतोडीच्या फडात धडा आहे काय, असे कोणी विचारील. युनियनच्या अभ्यासवर्गात आम्ही प्रौढ माणसांना टक्केवारी शिकविली, ती पगाराच्या चिठ्ठीवरून. पुस्तकातली टक्केवारी ज्यांना कधी समजली नव्हती, त्यांनी कपातीतली चूक स्वतः शोधून काढली. फडातही मोळ्यांची मोजणी आहे, टनाचा काटा आहे, मुकादमाच्या वहीत उचल आणि फेड आहे. वाढे विकण्यात व्यवहार आहे. जालन्याहून कोल्हापूरच्या वाटेवर किती नद्या ओलांडल्या यात भूगोल आहे. कोपीवर बसलेल्या पोराला हे सारे दिसते. ते शब्दांत आणि आकड्यांत मांडून देणारा माणूस मात्र त्याच्याजवळ नसतो. आणि जो मुकादमाची वही वाचू शकतो, त्याला फसविणे सोपे नसते, हेही लक्षात ठेवावे.

तेव्हा आमची मागणी लहानच आहे. अध्यापक विद्यालयातील प्रत्येक उमेदवाराने सरावपाठांपैकी काही पाठ फडावर, वीटभट्टीवर, कुरणात, बाजारात, जेथे मूल असेल तेथे द्यावेत. अनुभवी शिक्षकाने ते तेथेच तपासावेत. अशा कामाचा भत्ता त्याला मिळावा, निवाऱ्याची व्यवस्था व्हावी. त्यागाच्या नावावर कोणाकडूनही फुकट काम घेऊ नये. फुल्यांनी दोन्ही बाजू एकाच कागदावर लिहिल्या होत्या, त्या आपण वेगळ्या करू नयेत.

येत्या दिवाळीत फाट्यावरून ट्रक पुन्हा निघतील. त्यांतील एखाद्यात पोरांबरोबर त्यांचा मास्तरही चढलेला दिसावा, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.