मधुमेहजन्य मूत्रपिंडविकारातील दाह

मधुमेहजन्य मूत्रपिंडविकारातील दाह म्हणजे दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेमुळे मूत्रपिंडाच्या ऊतींमध्ये चालू राहणारी मंद, जंतुसंसर्गाविना होणारी दाहप्रक्रिया. 'दाह' या शब्दातून सूचित होणारी आग किंवा वेदना येथे रुग्णाला जाणवत नाही; लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन दिसू लागणे हीच बहुधा पहिली खूण असते. मधुमेहींपैकी सुमारे एक-तृतीयांश व्यक्तींना पुढे मूत्रपिंडाचा विकार जडतो आणि अनेक देशांत डायलिसिसची वेळ येण्याचे ते प्रमुख कारण आहे.

पार्श्वभूमी

पॉल किमेलस्टील व क्लिफर्ड विल्सन यांनी १९३६ साली मधुमेहींच्या मूत्रपिंडातील केशिकागुच्छांत आढळणाऱ्या गाठींचे वर्णन केले. त्यानंतर अनेक दशके हा विकार वाढलेली शर्करा आणि केशिकागुच्छांतील वाढलेला दाब या दोन कारणांनीच समजावला जाई. दाहजन्य रोगांत त्याची गणना होत नसे. रुग्णांच्या ऊतींच्या नमुन्यांत महाभक्षी पेशी साचलेल्या आढळू लागल्यावर हे मत बदलले. शर्करा आटोक्यात आल्यावरही काहींचा विकार वाढत का राहतो, याचेही काही अंशी स्पष्टीकरण त्यातून मिळाले.

प्रक्रिया

रक्तातील जादा शर्करा प्रथिनांना चिकटून जी संयुगे बनतात, ती पेशींवरील विशिष्ट ग्राहींना जोडली गेली की एनएफ-कप्पा-बी हा एरवी पेशीद्रवात निष्क्रिय असलेला घटक केंद्रकात शिरतो व दाहाशी संबंधित जनुके कार्यान्वित करतो. दाहाची पहिली हाक मूत्रपिंडाच्याच पेशी देतात, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. नलिकांच्या अस्तरातील पेशी एमसीपी-१ हे प्रथिन स्रवतात. रक्तवाहिन्यांच्या आतील थरावर आयकॅम-१ सारखे चिकट रेणू वाढतात. त्यांना धरून रक्तातील मोनोसाइट पेशी ऊतीत उतरतात, महाभक्षी पेशी बनतात आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ बीटा यांसारखी द्रव्ये सोडतात. त्यातून होणारी हानी आणखी पेशींना ओढून आणते.

गाळणीतून निसटलेले अल्ब्युमिन नलिकांच्या पेशी परत शोषून घेतात, आणि हा भार वाढला की त्या अधिक एमसीपी-१ स्रवतात. म्हणजे लघवीतील प्रथिन हे केवळ लक्षण नसून पुढील हानीचे एक कारणही आहे. अखेरीस टीजीएफ-बीटाच्या प्रभावाखाली तंतुमय ऊती साचते. ती सहसा पूर्ववत होत नाही.

रक्तातील खुणा

रक्तात टीएनएफ-ग्राही १ व २ यांचे प्रमाण अधिक असलेल्या मधुमेहींची मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका अधिक असतो, असे बॉस्टन येथील जॉस्लिन मधुमेह केंद्राच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले. २०१९ मध्ये त्यांनी अशा १७ दाहसंबंधित प्रथिनांचा संच प्रसिद्ध केला. मात्र एखादी खूण धोका वर्तवते, एवढ्यावरून ती रोखल्यास रोग थांबेल असे सिद्ध होत नाही.

उपचार

या क्षेत्रातील अपेक्षाभंगाचे मोठे उदाहरण बार्डोक्सोलोन मिथाइलचे आहे. दाह व ऑक्सिडीकारक ताण कमी करणाऱ्या या औषधाची 'बीकन' चाचणी हृदयविकाराच्या वाढत्या घटनांमुळे २०१२ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. बॅरिसिटिनिबच्या १२९ रुग्णांवरील चाचणीत सर्वाधिक मात्रेने लघवीतील अल्ब्युमिन सुमारे ४१ टक्क्यांनी घटले, पण रक्तक्षयही आढळला.

प्रत्यक्षात यश मिळाले ते दाहावर थेट न रोखलेल्या औषधांना. फिनेरेनोन अल्डोस्टेरॉनसारख्या संप्रेरकांचा ग्राही रोखते. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने दाह व तंतुमयता दोन्ही घटवल्या. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फिडेलिओ-डीकेडी' चाचणीत मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर परिणामांचा धोका १८ टक्क्यांनी कमी झाला. त्यातील दाहशमनाचा वाटा नेमका किती, हे वेगळे काढता येत नाही.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही 'दाहशामक' म्हणून ओळखली जाणारी वेदनाशामके वर वर्णिलेला दाह थांबवत नाहीत. उलट ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. म्हणून या रुग्णांनी ती वैद्यकीय सल्ल्याविना घेणे धोक्याचे ठरते.