चित्त्याची दोरी

मार्गशीर्षाच्या अखेरीस माळेगावच्या खंडोबाची जत्रा भरते. नांदेडहून लातूरकडे निघालेल्या सडकेवर, लोहा मागे टाकले की हे गाव लागते. तिथला घोडेबाजार ज्याने पाहिला आहे, त्याला घोडा पारखणे म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. गिऱ्हाईक आधी रंग पाहते, मग भोवरे पाहते. देवमण जागच्या जागी आहे की नाही, पंचकल्याणी म्हणून दाखवलेल्या जनावराचे चारी पाय उपजत पांढरे आहेत की एखाद्या पायाला मालकाच्या चुन्याचा हात लागला आहे, चाल खरी रेवाळ आहे की लगामाच्या ओढीची आहे, हे सगळे होते. मग जबडा उघडून दात मोजतात आणि अखेर उपरण्याखाली बोटे धरून सौदा ठरतो.

इतक्या बारकाईने घोडा पाहणारे आपले लोक. पण आपल्याकडे एकट्या घोड्याची तसबीर सहसा नसते. अलीकडे धावणाऱ्या सात घोड्यांचे चित्र बैठकीत लावतात खरे. परंतु ते वास्तूच्या लाभासाठी, आणि त्या सातांपैकी एकाचेही नाव कोणाला ठाऊक नसते. आपल्या चित्रातल्या घोड्यावर नेहमी कोणीतरी बसलेले असते. खंडोबा असतो, शिवाजी महाराज असतात, नांदेडात घरोघरी गुरू गोविंदसिंग असतात, त्यांच्या मनगटावर बाज बसलेला असतो. घोडा पूज्य ठरतो तो स्वाराच्या पुण्याईने.

अठराव्या शतकातल्या इंग्रज जमीनदारांनी नेमके उलट केले. त्यांनी घोड्यावरचा स्वार खाली उतरवला आणि घोड्याचे चित्र काढून घेतले. खाली घोड्याचे नाव असे. पुष्कळदा कोणती शर्यत जिंकली, तेही असे. घोडे, कुत्री, कोल्ह्याची पारध, बंदुकीची शिकार या विषयांवर तिथे चित्रकलेची एक स्वतंत्र शाखाच उभी राहिली. जॉन वूटन, जेम्स सीमोर हे तिचे आरंभीचे चित्रकार आणि जॉर्ज स्टब्स हा मुकुटमणी. बडे कलापंडित या शाखेला फारशी किंमत देत नसत. देवादिकांची आणि रोमन वीरांची चित्रे काढणारा तो खरा चित्रकार, घोडे काढणारा तो नुसता 'घोडेवाला', अशी त्यांची वाटणी होती.

या चित्रांचा शौक केवळ जनावरांच्या प्रेमातून आला असे समजणे भाबडेपणाचे होईल. इंग्लंडात १६७१ च्या कायद्याने ससा किंवा तित्तर मारण्याचा अधिकारसुद्धा बहुतांशी जमिनीच्या उत्पन्नावर ठरवला होता. वर्षाला शंभर पौंडांच्या जमिनीचा धनी असेल त्याने शिकार करावी, इतरांनी केली तर ती चोरी. हा कायदा १८३१ पर्यंत टिकला. तेव्हा दिवाणखान्यातले शिकारीचे चित्र म्हणजे एका अर्थाने सातबाराचा उताराच होता; फक्त तेलरंगात काढलेला. शर्यतीच्या घोड्यांचेही तसेच. तिकडचे अस्सल घोडे आपली वंशावळ पूर्वेकडून नेलेल्या तीन वळूंपाशी नेऊन पोचवतात: बायर्ली तुर्क, डार्ली अरब आणि गॉडॉल्फिन अरब. १७९१ साली या घोड्यांची वंशावळीची वही छापून निघाली. कोणाची आई कोण, बाप कोण, आजा कोण, सगळे नोंदलेले. त्या साली इंग्लंडातल्या किती शेतमजुरांना आपल्या पणज्याचे नाव सांगता आले असते, हा प्रश्न माझ्यासारख्या मास्तराच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

या स्टब्सविषयी मला जिव्हाळा वाटतो आणि त्याचे कारण थोडे स्वार्थाचे आहे. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही; जे वाचले ते आपले आपण वाचले. स्टब्सही तसाच. १७२४ साली लिव्हरपूलला जन्मला. बाप कातडे कमावून त्याला घोटाई देणारा. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याला जवळजवळ नाहीच. तिशी ओलांडल्यावर हा गृहस्थ लिंकनशायरमधल्या हॉर्कस्टो या खेड्यात एक घर घेऊन राहिला आणि मेलेले घोडे छताला टांगून, एकेक थर सोलीत, अठरा महिने चित्रे काढीत बसला. कातडे, मग स्नायू, मग शिरा, शेवटी हाडे. त्या घरातला वास कल्पनेतही सोसत नाही. पुढे या चित्रांचे ठसे कोरून द्यायला लंडनमध्ये कोणी तयार होईना, तेव्हा तेही त्याने स्वतःच कोरले. १७६६ साली घोड्याच्या शरीररचनेवरचे त्याचे पुस्तक निघाले, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. त्याने काढलेल्या 'व्हिसलजॅकेट' नावाच्या घोड्यामागे ना झाड, ना आकाश, ना मालक. नुसता मागच्या पायांवर उठलेला तांबूस घोडा. लंडनच्या नॅशनल गॅलरीने १९९७ साली तो एक कोटी दहा लाख पौंडांना घेतला.

परंतु माझ्याजवळच्या जुन्या चित्रसंग्रहात मी पुनःपुन्हा उघडतो ते पान वेगळे आहे. १७९९ च्या मार्चमध्ये न्यूमार्केटला हॅम्बलटोनियन आणि डायमंड या दोन घोड्यांची तीन हजार गिनींची पैज लागली. हॅम्बलटोनियन अर्ध्या मानेने जिंकला. चाबूक आणि आरी यांनी त्याची दशा करून टाकली होती. मालकाने चित्र सांगितले. विजयाचे चित्र त्याला हवे असणार. पंचाहत्तरीतल्या स्टब्सने बारा फूट रुंदीचा कापड ताणला आणि शर्यत संपल्यानंतरचा घोडा काढला: कान मागे पडलेले, तोंड उघडे, शरीर थकून गेलेले. त्याच्या एका बाजूला मोतद्दार आहे, दुसऱ्या बाजूला अंग पुसणारा पोरगा. मालक चित्रात नाही. ते दोघे नोकर मात्र थेट आपल्याकडे पाहतात, आणि त्या पाहण्यात नम्रता नाही. मालकाने पैसे दिले नाहीत. स्टब्स तीनशे गिनींसाठी कोर्टात गेला आणि जिंकला.

मालकाच्या पैशाने काढलेल्या चित्रात नोकराला इतकी जागा देणारा हा माणूस. म्हणूनच त्याच्या हिंदुस्थानाशी संबंध असलेल्या चित्राकडे मी वळतो. जॉर्ज पिगट हा मद्रासचा गव्हर्नर १७६३ साली आपली पहिली कारकीर्द संपवून विलायतेला परतला. (दुसऱ्या खेपेस त्याच्याच कौन्सिलने त्याला कैद केले आणि १७७७ साली तो कैदेतच वारला, पण ती कथा निराळी.) त्याने राजा तिसऱ्या जॉर्जला एक शिकवलेला चित्ता नजर केला. चित्त्याबरोबर त्याला सांभाळणारी हिंदी माणसेही गेली. १७६४ च्या जूनमध्ये विंडसरच्या राजउद्यानात जाळीचे कुंपण घालून चित्त्यासमोर एक सांबरासारखा थोराड शिंगाळू नर सोडला. दरबारी मंडळी पाहायला जमली. आणि झाले काय, तर शिंगाळूने चित्त्याला शिंगांवर घेऊन भिरकावले. चित्त्याने पुन्हा झेप घेतली, पुन्हा तेच. शेवटी चित्ता कुंपण ओलांडून पळाला, जंगलात एक लहान हरीण मारून खात बसला, आणि त्या हिंदी माणसांनी त्याला तिथे जाऊन धरले.

पिगटसाठी स्टब्सने या प्रसंगाचे नऊ फूट रुंद चित्र केले. आज ते मँचेस्टरच्या कलासंग्रहालयात आहे. त्यात फजितीचा मागमूस नाही. विंडसरही नाही, कुठल्यातरी काल्पनिक डोंगराळ मुलखात चित्ता ताठ उभा आहे, डोळ्यांवरची लाल टोपी मागे सारलेली, समोर शिंगाळू. इतिहास शिकवणाऱ्याने चित्राला पुरावा मानताना किती जपावे, याला याहून चांगला दाखला मला मिळालेला नाही. तरी त्याच चित्रात एक गोष्ट अशी आहे की ती कोणाच्या हुकमावरून काढलेली वाटत नाही. पांढऱ्या पेहरावातली, पागोटी घातलेली दोन माणसे. एक वाकून चित्त्याच्या कमरेचा लाल पट्टा धरून आहे. दुसरा उभा राहून हात लांब करून शिंगाळू दाखवतो आहे. चेहरे ठरीव साच्याचे नाहीत; समोर बसवून काढलेले आहेत. परंतु चित्राच्या नावात त्यांच्या वाट्याला 'दोन हिंदी माणसे' एवढेच आले आहे. आठवून पाहा, घोड्यांना नावे होती.

स्टब्सने निदान माणसे डोळ्यांनी पाहिली. पुढे १८०७ साली लंडनमध्ये कॅप्टन विल्यमसनचे 'पूर्वेकडील शिकारी'चे मोठे पुस्तक निघाले. चाळीस रंगीत चित्रे, आणि ती सजवणारा सॅम्युअल हॉविट जन्मात कधी हिंदुस्थानात आला नव्हता! विल्यमसनची कच्ची रेखाटने पुढे ठेवून त्याने हत्ती, वाघ, रानडुकरे आणि हाकेकऱ्यांचे थवे रंगवले. हिंदुस्थानातली शिकार कशी दिसावी, हे तिकडच्या कितीतरी वाचकांना अशा पुस्तकांनी शिकवले. मग नव्या अधिकाऱ्याने इकडे येऊन तीच शिकार शोधली तर नवल काय? आपल्या बाजूला हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आपले अंबाजोगाई, इथे हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या १९०३ पर्यंत होत्या. घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारणे हा अशा छावण्यांतल्या गोऱ्यांचा आवडता खेळ. डुकराने ज्याची ज्वारी लोळवली तो कुणबीही त्या दिवशी खूश होत असेल. फक्त घोडे त्याच ज्वारीतून गेले नसतील तर.

नांदेडच्या गोदाकाठी शिकारघाट नावाचा गुरुद्वारा आहे. गुरू गोविंदसिंगांनी तिथे एका सशाची शिकार केली आणि तो ससा म्हणजे पूर्वजन्मीचा मुला खत्री असल्याने त्याला मुक्ती दिली, अशी कथा सांगतात. मारलेल्या प्राण्याचे पूर्वजन्मासकट नाव लक्षात ठेवणारे हे शिकारीचे स्थळ. इंग्रजी शिकारचित्रांची पाने उलटताना मला ते हटकून आठवते.

आता त्या वाकलेल्या माणसाकडे येऊ. चित्ता बंदिवासात सहसा पिले देत नाही. शिवाय लहान पिलू धरून उपयोग नसे. आईने शिकार शिकवलेलाच चित्ता हवा. म्हणजे प्रत्येक चित्ता रानातून, मोठा झालेला, जिवंत धरावा लागे. चित्ते ठराविक झाडांशी येऊन नख्या घासतात. ती झाडे ओळखायची, भोवती हरणाच्या ताठींचे फास मांडायचे आणि वाट पाहायची. मग महिनोन्‌महिने माणसाळवायचे, डोळ्यांवर टोपी चढवून बैलगाडीवर बसवायचे, बैलगाडीला न बुजणाऱ्या काळविटांजवळ नेऊन टोपी काढायची. हे काम दख्खनेत आणि मध्य हिंदुस्थानात ज्यांच्याकडे होते त्यांत पारध्यांची एक शाखाच 'चित्ता पारधी' म्हणून ओळखली जाई. विंडसरला गेलेली माणसे कोणत्या जातीची होती, हे चित्र सांगत नाही; पण विद्या तीच. दिवाणखान्यातला चित्ता या विद्येवाचून झेप घेऊ शकत नव्हता.

त्या विद्येचे बक्षीस असे मिळाले की १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो पुढे विस्तारत गेला आणि पारध्यांवर जन्मजात चोर म्हणून शिक्का बसला. १९४७ साली कोरियाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले. ते देशातले अखेरचे ठरले. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. त्याच १९५२ च्या ३१ ऑगस्टला तो गुन्हेगार जमातींचा कायदाही रद्द झाला. कायदा गेला, गावातली नजर गेली नाही. आजही आपल्याकडे कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कोणत्या वस्तीकडे वळते, हे वाचकांना ठाऊक आहे.

गेल्या वर्षी मी ते स्टब्सचे चित्र वर्गात फिरवले. पारधी वस्तीवरचा एक मुलगा माझ्या वर्गात आहे. तो फारसा बोलत नाही. त्याने चित्र बराच वेळ धरून ठेवले आणि म्हणाला, "गुर्जी, खाली वाकलाय तो खरा हाय. उभा हाय तो नुसतं बोट दावतोय. जनावराला हरण दावावं लागतंय व्हय?" वर्ग हसला. मला हसू आले नाही. कलेवरच्या एवढ्या पुस्तकांत हे वाक्य मला आढळले नव्हते.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून विमानाने आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोच्या अरण्यात आणले. प्रत्येकाच्या गळ्यात यंत्राचा पट्टा, प्रत्येकाची नोंद. मी ती बातमी त्या मुलाला दाखवली. त्याला चित्त्यांपेक्षा विमानाचे अप्रूप अधिक.

त्याच्या जमातीच्या दाखल्याचे काम मात्र अजून अडले आहे. कचेरीत आजोबांच्या शाळेचा नाहीतर जन्माचा कागद मागतात. आजोबा शाळेत गेले नव्हते. जन्माची नोंद कोणी केली नव्हती. दिवाळीची सुटी संपली की त्याचा बाप आणि मी पुन्हा एकदा जाणार आहोत.